लिंकनच्या तुरुंगात कोठडी का दिसत नाही?

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना न्यू मेक्सिकोतलं लिंकन गाव पाहिलं. तिथल्या जुन्या दुमजली कचेरीतून बिली द किड हा गाजलेला बंदूकबाज गुन्हेगार पळाला, असं सांगतात. पण गजांची कोठडी काही दिसली नाही. मग तो तुरुंग कसला? आणि हातापायांत बेड्या, वर दोन पहारेकरी, तरी तो सुटला कसा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कोठडी दिसली नाही, कारण ती इमारत तुरुंग म्हणून बांधलेलीच नव्हती. माझी सगळी नोकरी तुरुंग खात्यात गेली. त्यामुळे ही हकीकत वाचताना माझं लक्ष बिलीकडे कमी आणि पहाऱ्याकडे जास्त जातं.

लॉरेन्स मर्फी या व्यापाऱ्याने १८७३-७४ च्या सुमारास ती दुकानासाठी उभारली. मातीच्या कच्च्या विटांच्या जाड भिंती, खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. परिसरातला बहुतेक व्यापार या पेढीच्या मुठीत होता. तिच्यासमोर टन्स्टॉल या तरुण इंग्रजाने दुकान थाटलं. फेब्रुवारी १८७८ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, आणि तिथून सूडाचं सत्र सुरू झालं. टन्स्टॉलकडे कामाला असलेला बिली त्यातच होता. त्या धुमश्चक्रीत मर्फीची पेढीही बुडाली, आणि पुढे ती इमारत काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, कचेरीसाठी विकत घेतली.

गावात १८७७ साली केलेला एक तुरुंग होता म्हणा. जमिनीत खणलेला खड्डा, आतून लाकडांनी बांधून काढलेला, उतरायला शिडी. त्याच नोव्हेंबरात जेसी इव्हान्स हा गुंड आणि त्याचे साथीदार त्यातून निसटले. फाशीचा कैदी तिथे ठेवायला कुठलाही शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, धजावला नसता.

एप्रिल १८८१ मध्ये मेसिया इथे न्यायाधीश वॉरन ब्रिस्टल यांनी त्या सूडसत्रात मारल्या गेलेल्या शेरीफ ब्रेडीच्या खुनाबद्दल बिलीला फाशी सुनावली. तारीख १३ मे. २१ एप्रिलला त्याला लिंकनला आणलं आणि शेरीफ पॅट गॅरेटने आपल्याच कार्यालयालगतची वरच्या मजल्यावरची खोली त्याला दिली. पहाऱ्यावर जेम्स बेल आणि बॉब ओलिंजर. शस्त्रांची खोली त्याच मजल्यावर! आपल्याकडे कैद्यांमध्ये वावरणाऱ्या शिपायाच्या हाती काठी असते आणि बंदूक बाहेरच्या पहाऱ्यावर, ती का, हे इथे कळतं.

२८ एप्रिलला गॅरेट व्हाइट ओक्सला गेला होता. कचेरीत दुसऱ्या प्रकरणातले आणखी काही कैदी होते. त्यांना घेऊन ओलिंजर समोरच्या वॉर्टली हॉटेलात जेवायला गेला. मृत्युदंडाच्या कैद्यापाशी एकटा बेल उरला. माझ्या मते बिली सुटला तो इथेच. पुढचं सगळं त्या एकट्या पहाऱ्यातून आलं.

बिलीने शौचाला जायचं म्हटलं. शौचकूप इमारतीच्या मागे. जिना उतरायचा, परत चढायचा, आणि सोबतीला एकच माणूस. येताना जिन्यात झटापट झाली आणि बेलला गोळी लागली. पिस्तूल कुठून आलं, याच्या तीन हकीकती आहेत : कुणी शौचकूपात लपवून ठेवलं होतं, बिलीने शस्त्रांच्या खोलीतून उचललं, किंवा बेडीच्या घावाने बेलला लोळवून त्याचंच हिसकावलं. मला तिसरी पटते. बिलीचे हात लहान होते, बेडीतून निघत. एकट्या शिपायाच्या कमरेचं पिस्तूल हे कैद्याला सगळ्यात जवळचं शस्त्र असतं. बेल कसाबसा खाली आला आणि मागच्या आवारात मेला.

आवाज ऐकून ओलिंजर रस्ता ओलांडून धावत आला. वरच्या खिडकीत बिली उभा होता, ओलिंजरचीच दुनळी बंदूक घेऊन. त्यालाही त्याने जागीच मारलं. मग कचेरीतल्या गॉटफ्रीड गाउस या वृद्ध कामगाराने वर फेकलेल्या कुदळीने पायातली साखळी तोडली आणि घोड्यावरून निघून गेला. गावातलं कुणीही आडवं आलं नाही. १४ जुलैला फोर्ट समनर इथे गॅरेटने त्याला गोळी घातली.

ओलिंजर बिलीला डिवचायचा, असं सांगतात. बेल मात्र त्याच्याशी माणुसकीने वागायचा, आणि त्याचा मृत्यू मला फार लागतो. बिलीच्या नावावर पर्यटक येतात. बेलचं नाव कितीजणांना ठाऊक असतं? त्याला त्या मजल्यावर एकटं सोडायला नको होतं.

तुमच्यासारख्या पाहुण्यांना जिन्याजवळच्या भिंतीतलं भोक त्या गोळीचं म्हणून दाखवतात. १९१३ मध्ये काउंटीचं ठाणं रेल्वेवरच्या कॅरिझोझोला हललं आणि लिंकनची कचेरी बंद झाली. १९३० च्या दशकात डागडुजी होऊन तिचं संग्रहालय झालं. तुम्ही पाहिलंत ते हे.