ड्रिलने रिव्हेट मारावेत का?

प्रश्न : अण्णा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या पत्र्याच्या कव्हरांचं काम करतो. हाताच्या गनने पॉप रिव्हेट मारून मनगट भरून येतं. ड्रिलला लावायची अटॅचमेंट घेऊ का?

उत्तर : जरूर घ्या. मनगट एकदा गेलं की कारागिराचं पोटच अडतं.

अटॅचमेंटचा दांडा चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या पकडीत, घट्ट आवळा. ड्रिल कमी-जास्त वेगाचं, उलटसुलट फिरणारं हवं, हॅमर बंद. पॉप रिव्हेट म्हणजे पोकळ नळी, तिच्यातला खिळा ओढला की ती फुगून पत्रे आवळते; त्या खिळ्याला साजेसं नोजल लावा. एका हाताने अटॅचमेंटचं हँडल पक्कं धरा, नाहीतर ती ड्रिलबरोबर गरकन फिरेल आणि बोटं सापडतील. ट्रिगर हळू दाबा. सुलट फिरताना खिळा ओढला जाऊन तुटतो. मग उलट फिरवून तुकडा बाहेर काढा. तुकडे डब्यातच टाका. मागाच्या गिअरात एक जरी गेला तरी मालकाचं नुकसान. चष्मा हवाच.

खरी मेख मात्र भोकात आहे. ४ मिमी रिव्हेटला ४.१ मिमी भोक. सैल भोकातला रिव्हेट मागाच्या थरथरीने खुळखुळतो, मग अटॅचमेंट कितीही महागाची असो. दोन्ही पत्रे मिळून २ मिमी असतील, तर ८ मिमी लांबीचा रिव्हेट घ्या : जाडीत व्यासाची दीडपट मिळवायची. लोखंडी पत्र्याला स्टीलचेच रिव्हेट वापरा, डाइंगच्या, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या, ओलीत तर नक्कीच. मागाची थरथर ॲल्युमिनियमपेक्षा ते जास्त सोसतात.

दिवसभर शेकड्याने मारायचे असतील, तर हवेवरची गन बरी.