मॅच टीव्हीवर दाखवायला वकील कशाला लागतो?

कोल्हापूरहून एका वडिलांचा मेल आलाय. मुलगी पुण्यात लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सला, सध्या चौथं वर्ष. लहानपणापासून फुटबॉलवेडी (कोल्हापूरची म्हटल्यावर नवल नाही), आणि आता म्हणतेय युरोपात जाऊन मॅचच्या प्रक्षेपण हक्कांच्या कायद्यात मास्टर्स करायचंय. खर्च ३५ लाख, बहुतेक सगळा कर्ज काढून. वडील लिहितात, "मॅच दाखवायला कॅमेरावाला लागतो हे समजतं, वकील कशाला लागतो? उद्या पोरगी परत येऊन घरी बसली तर हप्ते कोण भरणार?"

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे, पण ते कळल्याशिवाय दुसऱ्याचं देता येणार नाही, त्यामुळं चहा घेऊन बसा.

आधी पैसा बघू. इंग्लंडची प्रीमियर लीग १९९२ ला सुरू झाली तेव्हा स्काय (पैसे भरून बघायचं चॅनल) आणि बीबीसी मिळून पाच वर्षांचे ३० कोटी ४० लाख पौंड ठरले होते. २०१५ च्या लिलावात फक्त तीन सीझनच्या लाइव्ह मॅचेसचे ५१३ कोटी ६० लाख पौंड आले, आणि तेही फक्त ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी, आपल्याकडं दिसतं त्याचा हिशोब वेगळाच. २०२५-२६ पासून चार सीझनचा जो करार चालू झालाय तो ६७० कोटींचा. आकडा वाढलाय असं वाटतं ना? कॅल्क्युलेटर घ्या. २०१५ मध्ये वर्षाला १६८ मॅचेस विकल्या होत्या, आता २७०. म्हणजे तेव्हा एका मॅचला एक कोटी पौंडाच्या वर पडत होते, आता साधारण बासष्ट लाख. पेपरात हेडिंग येतं 'विक्रमी करार', आणि खरं बघितलं तर मॅचमागचा भाव खाली आलाय, चार वर्षांचा करार आणि जास्त मॅचेस घालून बेरीज मोठी केलीये. हा असा हिशोब तुमच्या मुलीला आवडतो का, हे मला आधी कळायला पाहिजे, कारण या धंद्यात रोजचं काम हेच असतं, मेस्सीचा ड्रिबल नाही.

आता वकील कुठून आला ते सांगतो. समजा शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस टीव्हीला विकायच्या आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, सगळ्या तालमी, म्हणजे आपले फुटबॉल क्लबच, एकत्र बसल्या आणि म्हणाल्या आम्ही सुटं सुटं विकणार नाही, सगळे मिळून एकच भाव. तालमींना बरं आहे, लहान टीमलाही चार पैसे मिळतात. पण गावातल्या सगळ्या दूधवाल्यांनी एकत्र येऊन भाव ठरवला तर त्याला आपण संगनमत म्हणतो, मग हे काय वेगळं? युरोपात गेली पंचवीस-तीस वर्षं वकिलांची अख्खी पिढी याच प्रश्नावर जगतीये. ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी खात्यानं प्रीमियर लीगला यावरूनच कोर्टात खेचलं आणि १९९९ मध्ये केस हरली, कोर्ट म्हणालं एकत्र विकण्यात लोकांचा फायदा आहे. आणि उलटं उदाहरण स्पेनचं. तिथं रियल माद्रिद आणि बार्सिलोना आपापले हक्क स्वतंत्र विकून मलई खात होते, बाकीच्यांना उरलंसुरलं. शेवटी २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं फर्मान काढलं की सगळ्यांचं एकत्रच विकायचं आणि पहिल्या डिव्हिजनच्या पैशातला निम्मा वाटा सगळ्या क्लबना समान द्यायचा. म्हणजे एका देशात जे बेकायदा ठरवायला सरकारी खातं कोर्टात गेलं, तेच दुसऱ्या देशात कायद्यानं सक्तीचं केलं. हे सांभाळायला माणसं लागतात हो.

बरं, एकत्र विकायला परवानगी मिळाली तरी युरोपियन कमिशनचं, म्हणजे युरोपियन युनियनच्या कारभारी मंडळाचं, समाधान झालं नव्हतं. त्यांचं म्हणणं, सगळं एकट्या स्कायनं विकत घेतलं तर स्पर्धा कुठं राहिली? २००६ मध्ये प्रीमियर लीगनं लिहून दिलं की हक्कांचे सहा गठ्ठे करू आणि सगळे एकाला देणार नाही. झालं काय, २००७ पासून दोन गठ्ठे सेटांटा नावाच्या कंपनीनं उचलले, २००९ च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये तिचं दिवाळं निघालं, आणि प्रेक्षकाला? आधी एक सबस्क्रिप्शन होतं, आता टीव्हीवरच्या सगळ्या मॅचेस बघायच्या तर दोन. एकाधिकार मोडला की भाव उतरतो असं पुस्तकात वाचलेलं असतं, पण इथं प्रत्येक मॅच एकाकडंच असते, त्यामुळं दोन दुकानं झाली तरी एकाच मॅचसाठी दोघांच्यात स्पर्धा नसते. माझ्या मते हेतू चांगला असून ग्राहकाच्या खिशाला चाट लावणारा असा नियम दुसरा सापडणं अवघड.

एक केस मुद्दाम सांगतो, तुम्हालाही आवडेल. पोर्ट्समथमध्ये कॅरन मर्फी नावाच्या बाई पब चालवायच्या. पबला स्कायचं बिल परवडेना म्हणून त्यांनी ग्रीसचं डिकोडर कार्ड आणलं, स्वस्तात, आणि त्यावर इंग्लिश मॅचेस लावल्या. त्यांना दंड झाला. बाई गप्प बसल्या नाहीत, लढत लढत केस लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कोर्ट म्हणालं की एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात वापरायला सरसकट बंदी घालणं युरोपच्या कायद्यात बसत नाही. त्याच निकालात आणखी एक गंमत आहे, मॅचवर स्वतः कॉपीराइट नसतो, कारण मॅच ही कुणाची कलाकृती नाही, पण स्क्रीनवरचे ग्राफिक्स आणि लीगचं अँथेम यांच्यावर असतो! म्हणजे हजारो कोटींचा धंदा ज्या मॅचवर उभा आहे ती मॅच कायद्याच्या नजरेत कुणाची 'रचना' नाहीच, सगळा डोलारा करार, सिग्नल आणि स्टेडियमच्या गेटवर उभा.

आणि हे तर तुमच्या घरातलंच. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात लाइव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवत नाहीत. साठच्या दशकापासून चालत आलेली पद्धत, बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड यांनी लावून धरलेली, कारण लोक घरी बसून मोठी मॅच बघतील आणि खालच्या डिव्हिजनची स्टेडियम्स ओस पडतील ही भीती. त्यामुळं शनिवारी तीनच्या ज्या मॅचेस तुमची मुलगी कोल्हापुरात रात्री साडेसात-साडेआठला आरामात बघते, त्या मँचेस्टरमधल्या माणसाला स्वतःच्या गावात कायदेशीररीत्या टीव्हीवर बघता येत नाहीत. तिला विचारा हे माहीत होतं का. माहीत असेल तर पोरगी नुसती गोल बघत नाहीये एवढं तरी नक्की.

आता हप्त्यांकडं येतो, कारण तुमची भीती खोटी नाही. हा धंदा कायम वरच जातो असं कुणी सांगत असेल तर त्याला फ्रान्स दाखवा. मे २०१८ मध्ये मीडियाप्रो या स्पॅनिश कंपनीनं फ्रेंच लीगचे बहुतेक हक्क वर्षाला ८० कोटी युरोच्या आसपास बोली लावून घेतले. त्याच महिन्यात इटलीच्या लीगनं याच कंपनीशी ठरलेला सौदा मोडला होता, बँकेची हमी आली नाही म्हणून, तरी फ्रान्सवाले खूश. ऑगस्ट २०२० ला प्रक्षेपण सुरू, ऑक्टोबरचा हप्ता आलाच नाही, डिसेंबरमध्ये करार संपला. पुढच्या वर्षी ॲमेझॉननं बहुतांश मॅचेस २५ कोटी युरोच्या आसपास उचलल्या. नंतर डॅझोन हे स्ट्रीमिंगवालं आलं, तेही एका सीझननंतर गेलं, आणि ऑगस्ट २०२५ पासून लीग स्वतःचंच चॅनल चालवतीये. क्लबांनी खेळाडूंचे पगार मोठ्या आकड्याच्या भरवशावर ठरवून ठेवलेले, त्यांची काय अवस्था झाली असेल विचार करा.

जर्मनीनं हे बघून धडा घेतला म्हणावं तर तिथं २०२४ मध्ये बँक गॅरंटीवरूनच रामायण झालं. डॅझोनची बोली मोठी होती, पण गॅरंटी वेळेत नाही म्हणून लीगनं ती बाजूला ठेवली, डॅझोन भडकलं, लिलाव थांबला, लवादाकडं गेला, तो गठ्ठा परत लिलावात काढावा लागला आणि डिसेंबरमध्ये कुठं चार सीझनचे ४४८ कोटी ४० लाख युरो ठरले. एका बँक गॅरंटीच्या कलमावर इतकं. तुमच्या "वकील कशाला" याचं सगळ्यात छोटं उत्तर हे.

तर नोकऱ्या आहेत. लीग, चॅनल्स, लॉ फर्म्स, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी खाती, पायरसीच्या मागं लागणारी पथकं (ब्रिटनमध्ये २०२३ ला बेकायदा स्ट्रीमिंग टोळीच्या म्होरक्याला ११ वर्षांची शिक्षा झाली, खेळ नाही हा). पण जागा थोड्या, आणि नुसतं मास्टर्स करून आलेल्या परदेशी फ्रेशरला युरोपात लगेच घेतील असं मी तरी सांगणार नाही. ब्रिटनचा शिक्षणानंतरचा व्हिसासुद्धा जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा मिळणार आहे. ३५ लाखांच्या कर्जावर दीड वर्षाची घाई, हे गणित मला पटत नाही.

पोरी, आता तुझ्याशी बोलतो, कारण हे तूही वाचणारच. स्टेडियमचा फोटो असलेलं ब्रोशर बघून भुलू नकोस. 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट' म्हणून जे विकलं जातं त्यात इव्हेंट, मार्केटिंग, स्पॉन्सरशिप सगळं थोडं थोडं असतं, आणि तू वकील होणार आहेस. तुझं हत्यार कॉम्पिटिशन लॉ (संगनमत आणि एकाधिकाराविरुद्धचा कायदा) आणि कॉन्ट्रॅक्ट, ते धारदार कर. फिफा मास्टर चांगला कोर्स आहे, लेस्टर, मिलान आणि नोशातेल अशा तीन ठिकाणी होतो, पण तिथं आधी काहीतरी काम करून आलेल्यांना जास्त अर्थ आहे. पाचव्या वर्षाला कॉम्पिटिशन लॉ घे, दिल्लीत एखाद्या फर्मच्या कॉम्पिटिशन टीममध्ये किंवा मुंबईत चॅनलच्या लीगल टीममध्ये इंटर्नशिप कर. हा विषय आपल्याकडंही जिवंत आहे. २०१३ मध्ये आपल्या कॉम्पिटिशन कमिशननं बीसीसीआयला ५२ कोटींचा दंड लावला होता तो याच मुद्द्यांच्या आसपास, आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, आणि २०२४ ला रिलायन्स-डिस्ने एकत्र येताना क्रिकेटच्या जाहिरातींचं काय हा प्रश्न कमिशनसमोर होताच. शिवाय महत्त्वाच्या मॅचेसचा सिग्नल प्रसार भारतीला द्यायचा आपला २००७ चा कायदा आहे, आणि युरोपात वर्ल्ड कप आणि युरो कप फुकट चॅनलवर दाखवायच्या यादीविरुद्ध फिफा आणि युएफा (युरोपची फुटबॉल संघटना) दोघंही २०१३ ला कोर्टात हरले. हे दोन शेजारी ठेवून एक पेपर लिही, इंटर्नशिपच्या अर्जाला जोड, बघ कोण वाचतं ते.

आणि पुण्यात आहेसच तर मॅक्स म्युलर भवनला जर्मन लाव, नाहीतर आलियान्सला फ्रेंच. इंग्लिश येणारे वकील युरोपात ढीगभर आहेत, जर्मन कार्टेल ऑफिसची (तिथल्या संगनमत रोखणाऱ्या सरकारी खात्याची) ऑर्डर मुळातून वाचणाऱ्या मराठी मुली ढीगभर नाहीत. दोन वर्षं नोकरी कर, मग एलएलएमला, म्हणजे लॉच्या मास्टर्सला, जा, आणि तोवर दम निघत नसेल तर किंग्ज कॉलेज लंडनचा कॉम्पिटिशन लॉचा डिप्लोमा घरबसल्या करता येतो, त्याचा खर्च मास्टर्सच्या मानानं बराच कमी.

दादा, एक काम करा. कॅरन मर्फींच्या केसचा निकाल नेटवर फुकट मिळतो, दोनशेच्या वर परिच्छेद आहेत, कंटाळवाणा आहे. तो तिला वाचायला लावा आणि रविवारी जेवताना तुम्हाला मराठीत समजावून सांगायला सांगा. तिनं न अडखळता सांगितलं आणि तुम्ही उलटे प्रश्न विचारल्यावर तिचे डोळे चमकले, तर मला परत लिहा, पुढचं बोलू. अर्ध्यात सोडून मॅच लावली तर फुटबॉल तिचा छंद आहे, त्यात वाईट काही नाही, लॉ करून बाकी भरपूर वाटा आहेत.

तोपर्यंत कर्जाच्या कागदांवर सही करू नका, आणि ते कोर्सचं ब्रोशर मला पाठवा, त्यात कॉम्पिटिशन लॉचे नेमके किती तास आहेत ते आधी बघतो.