व्हायोलिन-गिटारच्या साईड वाकवायला बेंडिंग आयर्न विकत घ्यावं की घरी करावं?

तुम्ही म्हापशात राहता, पहिलं व्हायोलिन करायला घेतलंय, पुढे गिटारही करायची आहे. साईडच्या, म्हणजे वाद्याच्या बाजूच्या भिंतीच्या, पातळ लाकडी पट्ट्या वाकवायला परदेशातून तयार बेंडिंग आयर्न, म्हणजे लाकूड वाकवायचं तापतं धातूचं साधन, मागवावं, प्लंबिंगचा पाईप गॅस टॉर्चवर तापवून भागवावं, की जुन्या इस्त्रीची कॉईल काढून काही जुळवावं, असं तुम्ही विचारलंय.

घरी करा. मात्र पाईपचं नको आणि इस्त्रीचंही नको. ॲल्युमिनियमचा भरीव दांडा घ्या, त्यात हीटर बसवा आणि पैसे वाचवायचे असतील तर ते तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर वाचवू नका. मी फोंडा तालुक्यात वाद्यदुरुस्ती करतो. डिसेंबर जवळ आला की चर्चच्या कॉयरमधली व्हायोलिनं माझ्याकडे येतात, कुणाची साईड फुटलेली, कुणाची आतल्या लाकडी ठोकळ्यापासून सुटलेली. नवी पट्टी वाकवून जुन्या वळणाला अगदी तंतोतंत बसवावी लागते. त्यामुळे गेली काही वर्षं हे आयर्न माझ्या बाकावर जवळजवळ रोज तापतं.

आधी पाईपबद्दल सांगतो, कारण यातलं एक खरंच धोक्याचं आहे. सुरुवातीला मीही दोन इंची जीआय पाईपचा तुकडा व्हाइसमध्ये धरून आत टॉर्चची ज्योत सोडली होती. थोड्या वेळाने आतून पांढरा धूर यायला लागला. वाटलं, तेल जळत असेल. संध्याकाळी तोंडाला धातूची चव आली, अंग दुखायला लागलं आणि रात्री हुडहुडी भरून ताप चढला. दुसऱ्या दिवशी उतरला. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त साधारण ४२० अंशांना वितळतं आणि टॉर्चच्या ज्योतीखाली त्याचा धूर होतो. तो धूर छातीत गेला की असा ताप येतो. जीआय पाईप कुठल्याही परिस्थितीत तापवू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नको.

साधा काळा लोखंडी पाईप या बाबतीत बरा, पण व्हायोलिनला तोही नको. ओल्या लाकडातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळेनिळे डाग पडतात. शिसवीवर ते दिसत नाहीत. मेपलच्या पांढऱ्या पट्टीवर पडले तर ते घासून काढता काढता पट्टीच पातळ होते. तांब्याचा जाड पाईप चांगला चालतो आणि जगभर कितीतरी कारागीर टॉर्च घालून तोच वापरतात. त्याची अडचण एवढीच की ज्योत जिथे लागते तिथे तो जास्त तापतो, टोकाकडे कमी, आणि टॉर्च बंद केला की पातळ भिंतीतली उष्णता लगेच उतरते. हाताला सवय झाली की माणूस हे सांभाळून घेतो. पहिल्या व्हायोलिनवर ही सवय लावायला जाऊ नये, कारण त्यात तुमचं आयात केलेलं मेपल खर्ची पडेल. शिवाय बंद खोलीत टॉर्च किंवा कोळसा पेटवणं वेगळंच जोखमीचं.

इस्त्रीचं म्हणाल तर तिचा थर्मोस्टॅट दोन धातूंच्या पट्टीचा असतो. तो खूप खाली उतरल्यावर चालू होतो आणि बराच वर गेल्यावर बंद होतो. कापसाच्या खुणेवर इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. कपड्याला हा चढउतार जाणवत नाही, पण एक मिलिमीटरच्या लाकडाला जाणवतो.

परदेशी आयर्न घेऊ नका असं मी म्हणणार नाही. चांगली असतात, आकार बरोबर असतो. फक्त व्होल्टेज नीट बघा. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं आयर्न आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर ते साडेतीन पटींहून जास्त वॅट ओढतं आणि हीटर जळतो. २३० व्होल्टचंच मागवा. त्यात कस्टम्स आणि टपालखर्च धरला की मला जे साधारण तीन हजारांत घरी झालं, त्याच्या कितीतरी पट पैसे होतात.

आता घरचं कसं करायचं ते सांगतो. ५० मिलिमीटर व्यासाचा आणि १५० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भरीव दांडा घ्या. वजन ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं. गिटारची साईड साधारण १०० मिलिमीटर रुंद असते, म्हणून लांबी एवढी हवी. व्हायोलिनची पट्टी ३० च्या आसपास, तिला हा दांडा पुरून उरतो. कुंडईला, मडकईला किंवा तुम्हाला जवळ पडेल अशा औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडे जा आणि त्याला दांड्याच्या मधोमध अर्ध्या इंची कार्ट्रिज हीटरसाठी (नळकांड्यासारखा, भोकात घुसवायचा हीटर) भोक पाडायला सांगा. भोक नुसतं ड्रिलने नको, रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं गुळगुळीत करणारं हत्यार, फिरवून घट्ट मापाचं हवं. हीटर आणि भोक यांत फट राहिली तर उष्णता धातूत जात नाही, हीटरमध्येच कोंडते आणि तो महिन्याभरात जातो. माझा पहिला हीटर असाच गेला. दुसरं भोक ३ मिलिमीटरचं, थर्मोकपलसाठी (तापमान मोजणारी तार), पृष्ठभागापासून पाचेक मिलिमीटर आत. हे हीटरला खेटून पाडू नका. आपल्याला लाकडाला लागणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान हवंय, हीटरच्या पोटातलं नव्हे.

हीटर २५० वॅटचा पुरे. ८०० ग्रॅम ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून १८०-१९० अंशांपर्यंत न्यायला सुमारे सव्वा लाख ज्यूल लागतात. म्हणजे नुसत्या हिशेबाने आठ मिनिटं, प्रत्यक्षात बारा-पंधरा. तेवढ्यात तुम्ही साचा आणि शिकंजे (क्लॅम्प) मांडून घेता. एवढ्या वस्तुमानाचा फायदा पावसात कळतो. आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, आणि पट्टी अर्धी वाकलेली असताना गेली तरी दांडा हातातलं वळण पुरं होईपर्यंत गरम राहतो. पाईप असता तर पट्टी तशीच आखडली असती.

कंट्रोलर साधा पीआयडी घ्या, म्हणजे तापमान बघून हीटर आपोआप चालू-बंद करणारा, के टाईप (थर्मोकपलचा एक प्रकार) चालेल असा. २५० वॅट म्हणजे एक अँपिअरच्या किंचित वर, त्यामुळे कंट्रोलरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विचच, पुरतो, वेगळं काही लागत नाही. कुणी पंख्याचा रेग्युलेटर लावायला सांगेल, तो लावू नका. तो पंख्याच्या भारासाठी असतो आणि त्याला तापमान कळत नाही. रिले कधीतरी चिकटून बसतो आणि हीटर बंदच होत नाही, म्हणून दांड्याच्या बुडाला २४० अंशांचा थर्मल फ्यूज (तेवढं तापलं की वीज तोडणारा) हीटरच्या वायरमध्ये ओळीत जोडा. दांड्याच्या अंगाला अर्थिंग बोल्टने पक्कं करा, वायरींवर फायबरग्लासची नळी चढवा आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. ओली पट्टी, ओले हात आणि वीज एकाच बाकावर येतात, इथे काटकसर करू नका. वायरिंगची सवय नसेल तर एवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

दांडा लाकडी फळीवर सरळ बसवला तर फळी जळते. मी दोन स्टेनलेस बोल्टांवर तो फळीपासून चार बोटं उचलून धरलाय. स्टेनलेसमधून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने निदान दहापट सावकाश जाते, त्यामुळे फळी नुसती कोमट राहते.

व्हायोलिनसाठी आणखी एक गोष्ट लागते. मधला सी आकाराचा भाग कोपऱ्यांजवळ इतका आवळत जातो की ५० मिलिमीटरच्या दांड्यावर तो वाकतच नाही. बाजारातल्या आयर्नचा छेद लंबगोल किंवा थेंबासारखा असतो तो त्यासाठीच. तसा आकार मिलिंगवर काढता येतो, पण खर्च वाढतो. मी २५ मिलिमीटरचा दुसरा छोटा दांडा केला आणि त्याला बारीक हीटर बसवला. कंट्रोलर तोच, फक्त प्लग बदलतो.

तापमान किती? मेपलला मी १७५ ते १८५ ठेवतो, शिसवीला १६५ ते १७५. लाकडाच्या पेशींना एकत्र धरणारं लिग्निन गरम झालं की मऊ पडतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट होतं, या सगळ्या कामाचा पाया तेवढाच. ओल असेल तर ते कमी उष्णतेवर मऊ पडतं, म्हणून पाणी. २०० च्या पुढे पट्टी वाकण्याआधीच करपते. कंट्रोलर असला तरी मी दर वेळी पाण्याचा थेंब टाकून बघतोच. घरी पोळे घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडतात तसंच. थेंब चर्र करून तिथल्या तिथे उडून गेला तर बरोबर. नुसता बुडबुडत बसला तर अजून थंड आहे. पाऱ्याच्या गोळीसारखा गडगडत पळाला तर फार तापलंय, थांबा.

पट्टीची जाडी आधी नेमकी करा, व्हायोलिनला १ ते १.२ मिलिमीटर, गिटारला २ च्या आसपास. सगळीकडे सारखी हवी, कारण जिथे पातळ तिथेच ती मोडून कोन पडतो. कडेकडून बघा, लाकडाच्या तंतूंच्या रेषा पट्टीच्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच बाहेर पडत असतील तर ती पट्टी सरावाला ठेवा. मेपल भिजत घालू नका, ओल्या फडक्याने दोन्हीकडून पुसलं की झालं. जास्त भिजलं की त्याच्या लाकडातल्या लाटांसारख्या नक्षीवर खाचखळगे उठतात आणि मग ते बसत नाहीत. शिसवीला मात्र दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवली तर मदत होते. पाणी जांभळट होतं, हातही रंगतात, आणि काहींच्या अंगाला शिसवीचा भुसा सोसत नाही. पॉलिश पेपर मारताना मास्क लावा.

वाकवताना लाकूड नेहमी बाहेरच्या अंगाने फुटतं, कारण तिथले तंतू ताणले जातात. त्यासाठी ०.३ मिलिमीटरचा पितळी पत्रा पट्टीएवढा रुंद कापून त्याच्या दोन टोकांना लाकडी मुठी लावा. पट्टी दांड्यावर, पत्रा पट्टीवर, आणि दोन्ही मुठींनी पत्रा ताणून धरायचा. मग जोर लावायचा नाही. नुसता दाब ठेवून वाट बघायची. वाफ निघते, शिसवीचा गोडसर वास येतो, आणि आठ-दहा सेकंदांनी पट्टी हाताखाली एकदम सैल पडते, ओल्या चामड्यासारखी. तो क्षण बोटांना कळतो. तो यायच्या आधी ढकललंत तर कट्ट आवाज येतो आणि काम संपलं. सैल पडली की बोटभर पुढे सरकवायची, पुन्हा वाट बघायची. एका जागी रेंगाळलात तर तिथे सपाट पैलू पडतात.

व्हायोलिनमध्ये आधी मधल्या सी आकाराच्या पट्ट्या, मग वरच्या आणि खालच्या. गिटारला आधी कंबर, खडूने खूण करून. दर दोन वळणांनी साच्याला लावून बघा. हव्या त्यापेक्षा किंचित जास्त वाकवा, कारण सोडल्यावर थोडं उघडतं. मग साच्यात शिकंजे लावून रात्रभर राहू द्या. सरावाला आधी शिवण झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या घ्या, स्वस्त आणि सोशिक. फणसाचं लाकूड वाद्यांना नावाजलेलं असलं तरी त्याच्या तंतूंची दिशा सारखी बदलते, माझ्या दोन पट्ट्या सलग फुटल्या. त्याने सुरुवात करू नका.

दहा-बारा गिटार एकाच मापाच्या करायच्या असतील तर फॉक्स बेंडर करा, म्हणजे साचा आणि सिलिकॉनचं तापतं ब्लँकेट. एक व्हायोलिन आणि एक गिटार यासाठी ते नको.

आणि हो, गोव्यातला पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. तेव्हा वाकवलेली पट्टी साच्यातून काढली की चार दिवसांत उघडते. त्याहून वाईट म्हणजे फुगलेल्या लाकडावर वाद्य चिकटवलं की जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात ते आकसतं आणि वाद्याच्या पुढची फळी फाटते. मी पट्ट्या एका बंद कपाटात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो आणि आत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ५० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत काही चिकटवत नाही. तुमच्याकडे तसं कपाट नसेल तर पावसाळ्यात दांडा, कंट्रोलर आणि साचा करून घ्या, शिवणीवर हात बसवा, आणि मेपलला दिवाळीनंतर हात घाला.