प्युपिलेजच्या वर्षात नेमकं काय करावं लागतं?

ऑक्टोबरपासून लंडनच्या एका चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात) तुमचं प्युपिलेज, म्हणजे बॅरिस्टरकीची उमेदवारी, सुरू होतंय, काम फौजदारी आणि दिवाणी दोन्ही आहे, आणि वर्षभरात काय वाट्याला येईल, टेनन्सी (चेंबर्समधली कायमची जागा) कशावर ठरते, हे तुम्ही विचारलंय. मी याच वाटेने आले आणि आता स्वतः प्युपिल सुपरवायझर, म्हणजे अशा उमेदवारांची मार्गदर्शक, आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरची मंडळी तुम्हाला आत्तापासूनच बॅरिस्टर म्हणत असतील. इनने (बॅरिस्टरांच्या संस्थेने) कॉल केलं, म्हणजे बारमध्ये रीतसर दाखल करून घेतलं, की ती पदवी मिळतेच. डॉ. आंबेडकरांना १९२२ साली ग्रेज इनने कॉल केलं, तेव्हा प्युपिलेज सक्तीचं नव्हतं. आता बारा महिन्यांच्या या उमेदवारीशिवाय इंग्लंडमध्ये बॅरिस्टर म्हणून वकिली करता येत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला कोर्टात उभं राहता येत नाही. आपल्याकडच्या ज्युनिअरला पहिल्याच आठवड्यात तारीख मागायला पाठवतात, तसं इथे नाही. सुपरवायझरच्या मागे बसायचं, टिपणं काढायची, संशोधन करायचं, जुन्या निकाली प्रकरणांवर मत आणि मसुदे लिहून दाखवायचे. हा काळ अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते वर्षाचं सोनं इथेच आहे. सुपरवायझरचा मसुदा वाचण्याआधी आपला लिहून काढा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. सुनावणीत वकील काय बोलला यापेक्षा न्यायाधीशाने कुठे अडवलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, ते टिपा. इनचा अ‍ॅडव्होकसीचा कोर्स आणि एथिक्सची परीक्षाही याच वर्षात असते. परीक्षेला गृहीत धरू नका.

दुसऱ्या सहा महिन्यांच्या टप्प्यात सगळं एकदम बदलतं. प्रोव्हिजनल प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट (वकिलीचा तात्पुरता परवाना) हातात येतं आणि संध्याकाळी क्लार्कचा, म्हणजे चेंबर्समध्ये कामं वाटून देणाऱ्याचा, फोन येतो: उद्या सकाळी क्रॉयडन किंवा हायबरी कॉर्नर, मॅजिस्ट्रेट कोर्ट, जामीन अर्ज. कागद कधी सहा वाजता येतात, कधी अर्धेच. कोर्ट दहाला बसतं, तुम्ही नऊला पोचा. अशरकडे (कोर्टातल्या कर्मचाऱ्याकडे) नाव नोंदवा, सरकारी वकिलाला गाठून त्यांचे आक्षेप काय आहेत ते विचारा, मगच कोठडीत अशिलाला भेटा. राहायचा पत्ता कोणता, तिथे कोण राहतं, आधीच्या जामिनाच्या अटी पाळल्या होत्या का, हे नीट विचारलं नसेल तर कितीही चांगला युक्तिवाद तोकडा पडतो. काम संपलं की त्याच दिवशी सॉलिसिटरला (प्रकरण तुमच्याकडे पाठवणाऱ्या वकिलाला) सुनावणीचा वृत्तांत पाठवा. पुढचं काम त्यावरच येतं.

पैशांबद्दल. किमान मानधन बार स्टँडर्ड्स बोर्ड, म्हणजे बॅरिस्टरांची नियामक संस्था, ठरवतं; २०२४ मध्ये ते लंडनसाठी वर्षाला २३,०७८ पौंड होतं. मोठी कमर्शियल चेंबर्स याच्या कितीतरी पट देतात, फौजदारीवाली बहुधा किमानाच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यातली फी महिनोन्‌महिने हातात पडत नाही, त्यामुळे लंडनचं भाडं धरून थोडी शिल्लक ठेवाच.

टेनन्सीचा निर्णय साधारण उन्हाळ्यात होतो. तुमचं लिखाण, कोर्टातली कामगिरी, सॉलिसिटरांचे अभिप्राय, सगळं पाहिलं जातं. क्लार्कना विसरू नका. ते चेंबर्सचे नोकर असले तरी तुमची कामाची डायरी त्यांच्याच हातात असते, आणि तुमच्याबद्दल त्यांचं मत विचारलं जातं. चूक सगळ्यांकडून होते. तीच चूक मार्चमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात दिसली, तर मात्र मला काळजी वाटते. शंका असेल तर सुनावणीच्या आदल्या रात्री दहा वाजताही फोन करा. माझ्या प्युपिलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. आणि अशिलाच्या प्रकरणाबद्दल ट्रेनमध्ये चकार शब्द काढू नका, मैत्रिणीशी मराठीत बोलत असलात तरीही. लंडनमध्ये मराठी कळणारे पुष्कळ आहेत.

टेनन्सी नाही मिळाली, तर दुसऱ्या चेंबर्समध्ये 'थर्ड सिक्स', म्हणजे आणखी सहा महिन्यांची उमेदवारी, करता येतं. अनेक चांगल्या वकिलांनी तसंच केलं आहे. नकार कळला की त्याच आठवड्यात सुपरवायझरकडे शिफारसपत्र मागा आणि क्लार्कना विचारा की कोणत्या चेंबर्सला माणसं हवी आहेत. ते त्यांना आधी कळतं.