परदेशी मुक्काम : दाखवायचा पैसा वेगळा, खायचा पैसा वेगळा

प्रश्न (भुसावळ) : ताई, मी रेल्वेतून रिटायर झालो, वय 62, पेन्शन महिना 48 हजार. सोबत काम केलेला एक मित्र बायकोला घेऊन थायलंडला राहायला गेलाय, म्हणतो तुम्ही पण या, खर्च झेपतो. एजंट सांगतो 8 लाख बाथ बँकेत दाखवावे लागतात. माझी 12-13 लाखांची एफडी आहे. बाकीचे साडूकडून महिनाभरासाठी घेऊन खात्यात टाकले तर चालेल का?

उत्तर : काका, नाही चालणार. आपल्याकडं नातेवाइकांचे पैसे चार दिवस खात्यात फिरवून बॅलन्स दाखवायची सवय आहे, पण तिथला नियम नेमका तेवढ्यासाठीच केलेला आहे. रिटायरमेंटवर (वय 50 च्या वर पाहिजे, ते तुमचं आहेच) तिकडं राहून दरवर्षी मुदतवाढ मागताना ते 8 लाख बाथ तुमच्या नावाच्या थाई बँक खात्यात अर्जाच्या आधी 2 महिने पडून असावे लागतात, मंजुरी मिळाल्यावरही 3 महिने हात लावायचा नाही, आणि त्यानंतर उरलेलं वर्षभर 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे पुढच्या अर्जाच्या 2 महिने आधी परत 8 लाख भरून ठेवायचे. आता साडूचे पैसे महिन्यात कसे परत करणार सांगा?

बाथ रोज वरखाली होतो, अडीच ते तीन रुपये धरला तर 8 लाख बाथ म्हणजे 20 ते 24 लाख रुपये होतात. दुसरा रस्ता महिना 65 हजार बाथ उत्पन्नाचा, तो तुमच्या पेन्शनला झेपणारा नाही. तिसरा रस्ता मात्र नीट बघा, वर्षाचं उत्पन्न आणि बँकेतली ठेव मिळून 8 लाख बाथ भरले तरी चालतात. तुमची वर्षाची पेन्शन पावणेसहा लाख रुपये, म्हणजे ठेव 14 ते 18 लाख रुपयांची लागेल, एफडीच्या बरीच जवळ आली ना. फक्त पेन्शनचा पुरावा कुठल्या कागदावर चालतो ते तिथल्या इमिग्रेशन ऑफिसला आधी विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पण माझी खरी काळजी दुसरीच आहे. ही ठेव दाखवायची, ती खायची नाही. घरभाडं, किराणा, दवाखाना, येण्याजाण्याची तिकिटं हे सगळं 48 हजारांतून, दोघांचं. आणि रेल्वेचं उपचारांसाठीचं उमीद कार्ड तिकडं चालत नाही. भारतातूनच ओ-ए नावाचा रिटायर लोकांसाठीचा व्हिसा काढला तर 30 लाख बाथचं आरोग्य विमा कव्हर दाखवावं लागतं, आणि साठीनंतर त्याचा हप्ता चांगलाच बसतो, बीपी-शुगर असेल तर आणखी. सगळी एफडी तिकडं अडकवली आणि इकडं काकूंचं ऑपरेशन निघालं तर? म्हणून मी म्हणते, ठेवीइतकीच मोठी दुसरी रक्कम भारतात मोकळी असेल तरच कायमचं जायचा विचार करा, तोवर दोनेक महिने राहून बघून या. भुसावळचं घर तर अजिबात विकू नका.

पैसे पाठवायचं गणित पण सांगते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवायच्या) नियमानं माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेलात की अशा कामाला वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक कापून घेते. तो रिटर्न भरल्यावर हिशेबात मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवले की दोन वर्षांची मर्यादा वापरता येते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका, तिकडं असाल तर भारतीय दूतावासातून होतो.

आणि एक गोष्ट, ही हमखास चुकते. आखाजीला घरी यायचं म्हणून री-एंट्री परमिट (परत येण्याची परवानगी) न काढता विमानात बसलात तर राहण्याची परवानगी तिथंच रद्द होते, पहिल्यापासून सगळं करावं लागतं. एका वेळेचं परमिट 1000 बाथ, कितीही वेळा जायचं-यायचं असेल तर 3800. शिवाय दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा.

प्रश्न (रावेर तालुका) : ताई, मुलगा कॅनडात आहे, आम्हा दोघांना तिकडं दोन-तीन वर्षं बोलावतोय. आमची केळीची शेती, इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरला नाही. व्हिसाला अडचण येईल का?

उत्तर : भाऊ, आधी मुलाला एकच विचारा, पीआर (कायम राहण्याची परवानगी) झालाय का? आईवडिलांना जास्त दिवस राहता येतं तो सुपर व्हिसा फक्त तिथल्या नागरिकाच्या किंवा पीआर असलेल्यांच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना मिळतो, वर्क परमिटवर किंवा शिकायला असेल तर नाही. झाला असेल तर एकदा गेल्यावर सलग 5 वर्षांपर्यंत राहता येतं. इथं कमाई मुख्यतः मुलाची बघतात, घरात किती माणसं (तुम्ही दोघं धरून) त्यावर किमान उत्पन्न ठरतं, कमी पडलं तर सुनेचं पण जोडता येतं. तुमच्यासाठी निदान वर्षभराचा, 1 लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल विमा आणि मेडिकल तपासणी लागते.

रिटर्न नाही म्हणून घाबरू नका. तुम्ही परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे, आणि त्यासाठी शेतीसारखा पुरावा नाही. सातबारा, आठ-अ, व्यापाऱ्याच्या केळीच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), आणि त्याच पट्टीची रक्कम बँकेत जमा झालेली दिसणारं स्टेटमेंट, हे एकमेकांशी जुळवून लावा. ज्यांचा माल रोखीनं जातो त्यांचं इथंच अडतं, तेव्हा या कटाईपासूनच पैसे खात्यावर घ्यायला लागा. आणि तुम्ही नसताना बाग कोण बघणार, ते पण पत्रात लिहा.

प्रश्न (धुळे) : मुलगी जर्मनीत आहे. तीन महिने राहून आठवडाभर घरी येऊन परत तीन महिने जाता येईल का?

उत्तर : नाही हो. शेंगेन (जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच) व्हिजिट व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच, आणि मध्ये घरी आलात म्हणून मोजणी शून्यावर येत नाही. सलग 90 दिवस राहिलात तर इथं निदान 90 दिवस काढावे लागतील. बाळंतपणासाठी जायचं असेल तर तारखा त्या हिशेबानं आधीच ठरवा, आणि 30 हजार युरोचा प्रवास विमा काढल्याशिवाय फाईल लावू नका.