"मॅडम, मी ओढतच नाही, मग माझ्यावर केस कशी?"

मागच्या फुटबॉल सीझनला एक पोरगा आलता माझ्याकडं समुपदेशनाला, वय २३, पेठेतला, पोलीस भरतीची तयारी करणारा (ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन गोष्टी बदलल्यात). आईनं पाठवलेला. झोप नाही, जेवणात लक्ष नाही, पहाटेचं ग्राउंड पण बंद. मला वाटलं ब्रेकअप असणार. पहिली २० मिनिटं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कुणी कसा गोल घालवला तेच सांगत बसला आणि मग एकदम खाली बघून म्हणाला, मॅडम, पैजेत गांजा बक्षीस ठेवला तर केस होते काय?

झालं असं की कट्ट्यावरचे ८ जण मॅचवर पैज लावायचे, आधी नुसती मिसळीवर. मग एकजण म्हणाला मिसळ काय रोजचीच, २००-२०० कॉन्ट्री काढू, पुडी आणू, जिंकेल त्याची. ह्याचं काम काय, तर कुणी काय स्कोअर सांगितला ते लिहून ठेवायचं आणि पैसे आपल्या फोनवर घ्यायचे. स्वतः ओढत नाही. आणि नंतर त्यातल्या एकाला दुसऱ्याच भानगडीत पोलिसांनी उचललं, फोन पण घेतला. त्या फोनमध्ये ह्यांचा अख्खा ग्रुप.

"विकला नाही, ओढला नाही, मित्रामित्रांतलं आहे" हे मी लय पोरांकडून ऐकलंय. मी वकील नाही, पण एवढं सांगावंच लागतं की एनडीपीएस हा अमली पदार्थांवरचा १९८५ चा कायदा फक्त विकणाऱ्याला धरत नाही. जवळ ठेवणं, विकत घेणं, इकडनं तिकडं नेणं, ओढणं, सगळं त्यात येतं. १ किलोपर्यंतच्या गांजाला 'अल्प प्रमाण' म्हणतात आणि पोरं त्याचा अर्थ 'माफ' असा घेतात, तर तसं काही नाही, त्याला पण १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि पुडीत गांजाच्या जागी चरस निघाली तर हीच मर्यादा १०० ग्रॅमवर येते.

पैजेची खरी गोम पुढं आहे. एकट्यानं ओढला तर एकट्याची भानगड, पण कॉन्ट्री निघाली की आणणारा, पैसे गोळा करणारा, जिंकून खिशात घालणारा, सगळे एका माळेत येऊ शकतात, कारण कलम २९ मदत करणाऱ्याला आणि कटात असणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा सांगतं. ज्याच्या खोलीवर हे चालतं त्यानं माहीत असून चालू दिलं तर त्याच्यासाठी कलम २५. आणि हिशोब लिहिलेला कुणी? ह्यानं. टाईप करून, तारखेसकट.

"मग ग्रुप डिलीट करू काय?" मी स्पष्ट नाही म्हणाले. बाकी सात फोनात तो आहेच, आणि पुरावा पुसायला जाणं म्हणजे दुसरं लफडं गळ्यात. आधी वकील गाठ म्हटलं. पण वकिलाची फी आईकडंच मागावी लागणार होती, त्यामुळं आईला सांगायचं ते सेशन सगळ्यात जड गेलं. ती माऊली रडली नाही, नुसतं एवढंच विचारलं, ओढत नाहीस तर २०० रुपये कशाला घातलेस रे?

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. मला मात्र तिथंच सापडलं की गांजा ह्याचा प्रश्नच नव्हता, कट्ट्यावरनं बाहेर पडायची भीती होती. पुढचे तीन सेशन आम्ही फक्त "मी ह्यात नाही" हे न चिडता, न लाजता कसं म्हणायचं ते मोठ्यानं बोलून बघितलं, मी त्याचा मित्र झाले आणि यथेच्छ टोमणे मारले. भरतीचं पण बोललो. त्याच्यावर केस नव्हती, पण उद्या झाली तर पडताळणीच्या फॉर्मवर लपवायची नाही, लपवल्यानं गेलेल्या नोकऱ्या कमी नाहीत. आणि ग्रुपात एकाला खरंच सवय लागलेली, त्याच्यासाठी निरोप दिला की स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला कलम ६४अ मध्ये थोडं संरक्षण आहे, वकिलाला विचारून घे.

दोघांनी त्याला भित्रा म्हटलं, एकानं बोलणंच सोडलं. महिन्याभरानं फोन आला, "मॅडम, आता बक्षीस तांबडा-पांढरा, चालतंय न्हवं?" म्हटलं, १८८७ चा जुगाराचा कायदा अजून जिवंत आहे आणि त्यात पैज लावणं पण जुगारातच मोजतात.

"म्हणजे मिसळ पण नाही?"

म्हटलं, मिसळ खा की, पैज कशाला पाहिजे, कॉन्ट्री काढा आणि सगळेच खा.