नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायचं जुनं, जड आर्केड मशीन एकट्याने कसं हलवायचं?

सपाट जमिनीवर जमतं. वाटेत जिना असेल तर नाद सोडा आणि दोन धडधाकट माणसं बोलवा.

१९८० च्या पॅक-मॅनसारखं उभं मशीन १०० किलोच्या पुढेच भरतं. पण खरी अडचण वजनाची नाही, तोलाची आहे. काचेच्या नळीचा जुना मॉनिटर वरच्या अर्ध्यात बसवलेला असतो, त्यामुळे जरा कललं की मशीन तुमच्याच अंगावर येतं. हा मॉनिटर काढून वजन कमी करू, असा मोह होईल, करू नका. प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा विद्युतभार टिकून राहू शकतो, आणि नळीची मागची बारीक मान टिचली तर मॉनिटर गेलाच. नाण्यांचा डबा आणि आतलं सुटं सामान तेवढं बाहेर काढा. मागचं दार कुलूपबंद करा, नाहीतर ऐनवेळी उघडतं.

दोन चाकांची उभी हातगाडी भाड्याने आणा. खालचे स्क्रूचे पाय पूर्ण आत फिरवा, मशीन किंचित पुढे कलवून मागच्या बाजूने गाडीची सपाट पाती मशीनखाली सरकवा. मध्ये जुनी गोधडी घाला, कडेचं चित्र खरवडलं की परत मिळत नाही. मग रॅचेटच्या, म्हणजे खटक्याने घट्ट होणाऱ्या पट्ट्याने दोन ठिकाणी आवळा आणि हळूच मागे झुकवा. उंबऱ्यावरून गाडी पुढे ढकलू नका, स्वतः आधी ओलांडून मागे ओढा.

फरफटत मात्र कधीच नेऊ नका. तळाचं लाकूड बहुतेकदा भुशाच्या बोर्डाचं असतं, ओल लागलेली असेल तर पाय तुकड्यासकट उपटून येतात.